धोंडव्वाच्या टेकडीवरच्या काळज्या

कौसल्या कळशी भरून टपरीवर परत आली, तर चुलीला दोनच धोंडे. तिसरा गायब. कढई अजून चढवली नव्हती म्हणून बरं, नाहीतर सगळं तेल आणि अख्ख्या मंगळवारची मिरचीभजी मातीत गेली असती.

"कुणी नेला ओ माझा धोंडा?" ती टेकडीकडं तोंड करून ओरडली.

वरून उतरणाऱ्या लोकांतला एक पोट सुटलेला गृहस्थ थबकला. "अक्का, तुमचा होता होय? मला वाटलं मोकळाच आहे. माझ्या काळजीच्या मापाचा तेवढा एकच दिसला बघा." एवढं बोलून तो बाकावर टेकला आणि त्यानं एक प्लेट गिरमिट मागितलं. हात रिकामे, चेहरा नुकत्याच न्हायलेल्या माणसासारखा. कौसल्यानं त्याचे चुरमुरे कालवताना मिरची जरा सैल हातानं घातली. काळजी वर ठेवून आलाय ना, मग खा.

अळणावरच्या बाजूला रान सुरू होतं तिथं अंबरकोप नावाचं गाव आहे आणि गावाच्या डोक्यावर धोंडव्वा बसलेली आहे. धोंडव्वाला नारळ चालत नाही, साडी चालत नाही, धारवाडचा पेढा दाखवला तरी ती बघत नाही. तिला लागतो धोंडा. टेकडीच्या पायथ्याशी एक धोंडा उचलायचा, तोंडाजवळ धरून आपली काळजी त्याला मोठ्यानं सांगायची, वर नेऊन कट्ट्यावर ठेवायचा आणि हात झाडत खाली यायचं. मनातल्या मनात सांगितलेली काळजी चालत नाही. इतक्या लोकांच्या मनात डोकावत बसायला देवी काय रिकामी आहे?

पिढ्यान्‌पिढ्या हे झकास चाललं होतं. गावाच्या काळज्या त्या किती असणार? वर्षाला पंचवीस-तीस धोंडे वर जायचे आणि तेवढीच शेतं साफ व्हायची. मग हुबळीच्या कुणा बाईनं मोबाइलवर धोंडव्वाचा व्हिडिओ टाकला, आणि दोन वर्षांत अशी गत झाली की मंगळवार उजाडला की हुबळी-धारवाडची निम्मी चिंता गाड्या भरभरून अंबरकोपला उतरू लागली. पायथ्याचे धोंडे सहा महिन्यांत संपले. मग लोकांनी बांध उसवले. मग घरांच्या पत्र्यांवर ठेवलेले धोंडे गेले, गावातल्या महेशच्या घरचा वरवंटा गेला. नवनगरच्या एका दलालाची काळजी इतकी मोठी की त्यानं 'धारवाड २७' लिहिलेला रस्त्याकडेचा मैलाचा दगडच चार माणसं लावून वर चढवला. आता तो देवीच्या उजव्या हाताला उभा आहे आणि येणारे-जाणारे त्यालाही हळदकुंकू लावतात.

इथवर गावानं सोसलं. पण आषाढात बांध नसलेल्या शेतांतली माती वाहिली, आणि पंचायतीचा अध्यक्ष हणमंत याच्या भुईमुगाच्या शेताची वरची वीतभर काळी माती सरळ खालच्या शेतात जाऊन बसली. खालचं शेत त्याच्या मेव्हण्याचं. मेव्हण्याकडं गेलेली वस्तू आजवर कुणाला परत मिळाली आहे? हणमंत ताडताड पायथ्याला आला आणि त्यानं जाहीर केलं, "चार मंगळवार देतो. तोवर धोंड्यांची काय ती सोय लावा. नाहीतर टेकडीला गेट, गेटला कुलूप, आणि मंगळवार बंद. साकु, बास झालं मला तुमचं हे पर्यटन!"

हे ऐकून लोक हळहळले, पण खरी धास्ती घेतली ती कौसल्यानं. टेकडीवर पूजा तिचा नवरा लक्ष्मण करायचा. आठवड्याचे सहा दिवस ती पुजाऱ्याची बायको असायची, म्हणजे लक्ष्मणअण्णा घरात आहेत का हे विचारायची जागा. मंगळवारी मात्र ती कौसल्याक्का व्हायची. वाट कुठली, बस कितीला, देवीला काय सांगू, गिरमिटात काय घालता, सगळं लोक तिला विचारायचे. बारा हात एकदम पुढं यायचे आणि ती म्हणायची, "थांबा, एक एक." वयाच्या चोपन्नाव्या वर्षी तिला कळलं होतं की आपल्याला 'थांबा' म्हणायला फार आवडतं. तो मंगळवार गेला तर उरलेले सहा दिवस कसे काढायचे, हे तिला खरोखर कळत नव्हतं.

हणमंतानं स्वतः काही केलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. त्यानं धारवाडच्या एका संस्थेला फोन केला, आणि पुढच्या मंगळवारी दीपश्री नावाची एक हुशार मुलगी फाइल घेऊन हजर झाली. शाश्वत तीर्थ पर्यटन हा तिचा विषय. देव तोच, भक्त तेच, पण डोंगर झिजता कामा नये, हे तिचं सूत्र. ऐकायला कुणालाही पटेल.

"अण्णा, या टेकडीची क्षमता किती? म्हणजे एका दिवसात किती लोक तिला झेपतील?" तिनं लक्ष्मणाला विचारलं.

लक्ष्मणानं टेकडीकडं बघितलं. "तिला काय झालंय? ती कुठं उठून चाललीय? झेपत नाही ते हणमंताला."

दीपश्रीनं हे लिहून घेतलं. मुलगी गुणी होती.

तिचा पहिला उपाय साधा होता. धोंडे कमी पडतात ना, मग बाहेरून आणा. क्रशरवरून एक ट्रॉली खडी आली आणि पायथ्याला ओतली गेली. भक्तांनी ती हातात घेऊन बघितली, एकसारखी, धारदार, कशी तरीच. "विकतच्या धोंड्याला काळजी चिकटत नाही ओ," असं म्हणून ते पुन्हा बांधाकडं वळले. खडी वाया गेली असं नाही. बुधवारी सकाळी ती अर्धी झाली होती आणि गावात तीन न्हाणीघरांना नवी जमीन झाली होती.

दुसऱ्या मंगळवारचा उपाय दीपश्रीच्या मते अस्सल निसर्गाचा होता. धोंड्याऐवजी शेणाचा गोळा. वर ठेवावा, तो सुकावा, पावसात विरघळावा, त्याचं खत व्हावं. कौसल्यानं आदल्या दिवशी सगळ्या गावाचं शेण गोळा करून गोळे वळून दिले. मंगळवार वाचत असेल तर ती काहीही वळायला तयार होती. गंमत अशी की शेणाचा गोळा तोंडाजवळ धरला की काळजी आपोआप आखडते. इस्त्रीच्या साड्या नेसून आलेल्या बायकांनी दोन शब्दांत आटोपलं. एक वकील एरवी धोंड्याला वीस मिनिटं सांगायचे, ते नुसतं "तेच, मागचंच" म्हणून वर गेले.

कौसल्याच्या जिवात जीव आला. पण गावात सविता होती. पावसानं उघडीप दिली होती, ऊन कडक होतं, चार दिवसांत गोळे खडखडीत वाळले, आणि फुकटचं जळण डोळ्यांसमोर विरघळू द्यायला सविता काही दीपश्री नव्हती. तिनं पाटीभर गोळे घरी नेले. तिचं बघून शेजारणींनी नेले. शनिवारी सगळ्या अंबरकोपानं हुबळी-धारवाडच्या काळज्यांवर भाकरी भाजून खाल्ल्या.

रविवारी जे झालं त्याला कौसल्या साक्षी आहे. महेशची कधी डोळा न उघडणारी म्हातारी पहाटे उठून 'माझा निकाल लागला का' म्हणून विचारू लागली. तिनं आयुष्यात शाळा बघितली नव्हती. दुसऱ्या घरी दोन भाऊ कुठल्याशा दुकानाच्या वाटणीवरून भांडले, आणि भांडण संपल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला दुकानच नाही. सगळ्यांत कडी केली सविताच्या सासूनं. ती ओट्यावर बसून कपाळ बडवून घेत होती, "माझ्या नवनगरच्या प्लॉटवर कुणीतरी कुंपण घातलंय ओ!"

"अत्ती, आपला नवनगरला प्लॉट कुठाय?" सविता म्हणाली.

"नाही?" सासूनं डोळे पुसले आणि क्षणभर विचार केला. "मग काळजी आली म्हणजे प्लॉटपण येत असेल की मागून."

गाव सविताला बोललं, सविता दीपश्रीला बोलली, आणि शेणाचा विषय संपला. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण इथं तर शेणापेक्षा धोंडाच बरा ठरला.

तिसऱ्या मंगळवारी दीपश्री आली तेव्हा तिची फाइल पातळ झाली होती. तिनं वरच्या ढिगाकडं बोट दाखवलं. "कौसल्याक्का, एवढे धोंडे वर आहेत. तेच खाली आणले तर? येणाऱ्यानं एक वर न्यायचा, जाताना एक खाली आणायचा. बांध भरतील, पायथ्याला धोंडे राहतील, संपायचा प्रश्नच नाही."

लक्ष्मणानं दोन्ही कान पकडले. "अय्यो, तसलं बोलू नको पोरी. वर ठेवलेला धोंडा जो खाली आणेल, त्याला ती काळजी लागते. आमच्या आज्यानं सांगितलंय. कोण शहाणा दुसऱ्याची ब्याद अंगाला लावून घेईल?"

खरंच कुणी घेईना. दीपश्रीनं दुपारपर्यंत वीस जणांना विचारलं. वीसही जण सुशिक्षित होते, वीसही जणांनी आपला या असल्या गोष्टींवर विश्वास नाही असं सांगितलं, आणि वीसही जण हात पाठीमागं बांधून खाली उतरले.

कौसल्या भजी तळत होती. तिच्या टपरीचा आणि धोंडे उचलायच्या जागेचा शेजार असल्यामुळं दोन शहरांच्या सगळ्या काळज्या तिच्या कानांवरून जायच्या. त्या वेळी एक चष्मेवाला तरुण धोंड्याला सांगत होता, "आई, बेलूरच्या दोन कंपन्यांनी बोलावलंय. दोन्हीकडं पगार चांगला. कुठं जाऊ ते कळेना." तो वर गेला. बाकावर अळणावरचा विशाल बसला होता, एकोणतीस वर्षांचा, डिप्लोमा होऊन सात वर्षं झालेला. त्यानं भज्याचा घास हातात धरून उसासा सोडला. "यव्वा, काय काळजी आहे! असली काळजी आम्हाला कधी लागणार?"

कौसल्याचा झारा कढईवरच थांबला. सविताची सासू तिला आठवली.

"लागेल की," ती म्हणाली. "वर जा. त्याचा धोंडा खाली घेऊन ये."

विशालनं तिच्याकडं बघितलं. लक्ष्मणानं बघितलं. दीपश्रीनं लिहायचं थांबवलं.

"कसं आहे बघ," कौसल्या म्हणाली. तिला वाटलं होतं त्याहून तिचा आवाज ठाम निघाला. "धोंडा आणला की काळजी लागते, हे खरं ना? दोन नोकऱ्यांतली कुठली घेऊ ही काळजी तुला लागायची असेल, तर आधी दोन नोकऱ्या यायला पाहिजेत. देवी काय अर्धंच काम करणार?"

विशाल भजी टाकून पळाला. धोंडा घेऊन खाली आला तेव्हा त्याच्या कपाळावर आठी होती आणि तो म्हणत होता, "खरंच कुठं जाऊ कळेना ओ, अक्का."

पुढं काय झालं ते सांगायलाच नको, पण सांगतो. बुधवारपर्यंत ही गोष्ट धारवाडच्या भाजीबाजारात होती, गुरुवारी हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात. चौथ्या मंगळवारी आली तेवढी माणसं टेकडीनं कधी बघितली नव्हती. ज्याचं लग्न जमत नव्हतं, त्यानं बायको रोज माहेरी जाते म्हणून कुरकुरणाऱ्याचा धोंडा आणला. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मास्तरांनी तीन मजली घराचा जिना चढवत नाही ही काळजी छातीशी धरून आणली. टक्कल पडलेल्या एकानं पांढऱ्या केसांच्या काळजीसाठी दुसऱ्या टकल्याशी झटापट केली.

आणि लक्ष्मण! बाजारातून आणायच्या तीन वस्तूंतली एक हा माणूस हमखास विसरायचा. पण कट्ट्यावर धोंडा ठेवताना लोक काळजी पुन्हा पुटपुटायचे, आणि कुठला धोंडा कुठल्या काळजीचा, हे त्याला तोंडपाठ. नाव सांगायचं नाही, नुसती काळजी सांगायची, हा नियम कौसल्यानं घालून दिला. "हा? मुलगा अमेरिकेतून रोज फोन करतो, झोपू देत नाही," लक्ष्मण पुकारायचा, की पाच हात पुढं यायचे. खालून कौसल्या ओरडायची, "थांबा, एक एक!"

एक गोची झाली. आपला धोंडा कुणीतरी उचलावा म्हणून लोक काळज्या नटवून सांगू लागले. एका दुकानदारानं धोंड्याला सांगितलं, "चार गाड्या आहेत, लावायला जागा नाही." कौसल्यानं त्याला सायकलवरून आलेला बघितला होता. "ओ मालक, खरी सांगा. खोट्या काळजीला देवी खोटाच उपाय देते," तिनं दटावलं. तो ओशाळला आणि धोंडा जवळ घेऊन हळूच काहीतरी दुसरंच बोलला.

त्याचा तो धोंडा कुणी उचलला नाही. असेही पुष्कळ होते. दवाखान्याचे होते, न परतलेल्या माणसांचे होते. लक्ष्मण ते पुकारतच नव्हता. ते त्यानं देवीच्या पायाशी आत सरकवून ठेवले होते. ज्या काळज्या कुणालाच नको असतात त्यांच्यासाठीच तर ती तिथं बसली आहे, असं तो म्हणाला, आणि कौसल्याला आपल्या नवऱ्याचं फार दिवसांनी कौतुक वाटलं.

दुपार कलली आणि हणमंत येताना दिसला. मागून दोन माणसं, त्यांच्या खांद्यावर लोखंडी गेट.

खाली आलेल्या धोंड्यांनी बांध भरत आले होते, पायथ्याला धोंड्यांची रास होती, पण हणमंताचा काय भरवसा? कौसल्यानं पिठाच्या हातांनीच राशीतला एक चपटा धोंडा उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंडाजवळ धरला. "धोंडव्वा, माझा मंगळवार जाईल ग," ती म्हणाली. पोटरीत गोळे येईपर्यंत चढली, कट्ट्यावर धोंडा ठेवला आणि लक्ष्मणाकडं न बघता खाली आली.

हणमंत तोवर बांध बघून आला होता. तो राशीभोवती फिरला, खाकरला, गेटवाल्यांना लांब उभं राहायला सांगितलं. मग कौसल्याच्या कानाशी वाकला.

"अक्का, त्या धोंड्यांत एखादा... म्हणजे दोन पक्षांनी तिकीट देऊ केलंय, कुठलं घेऊ, असला काही आहे काय?"

कौसल्यानं श्वास सोडला. "गेल्या महिन्यात एकजण ठेवून गेलाय. खरं, अध्यक्ष, तो जरा जड आहे."

"असू दे की. जडच पाहिजे."

हणमंत तो धोंडा धोतराच्या सोग्यात गुंडाळून खाली आला, घामाघूम आणि चिंताग्रस्त. "गेट घेऊन जा रे," तो माणसांवर खेकसला. "इथं माझं डोकं ठिकाणावर नाही, तुम्हाला गेटाचं पडलंय!" तो गेला तसं दीपश्रीनं फाइल मिटली आणि कौसल्याला मिठी मारली, पिठाच्या हातांसकट.

मंगळवार वाचला होता. कौसल्यानं कढई पुन्हा चढवली. तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम करायला वेळ नव्हता कारण गिऱ्हाईक उभं होतं.

शेवटच्या बसच्या आधी हेमावतीबाई टेकडीवरून उतरल्या. या धारवाडच्या निवृत्त गणिताच्या बाई, वर्षभर दर मंगळवारी यायच्या. मुलं लांब, नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. धोंडा नेत नसत, आणत नसत. "मला कसली काळजी? सगळं झालं माझं," म्हणायच्या, अर्धी प्लेट गिरमिट खायच्या आणि परत जायच्या. आज त्यांच्या हातात धोंडा होता. चपटा. त्यावर बेसनाची पाच बोटं उमटलेली.

"बाई, तो ठेवा परत," कौसल्या गडबडून म्हणाली. "तो माझा आहे. ती काळजी संपली आता."

"तुमची संपली," बाई म्हणाल्या. "मगाशी तुम्ही धोंड्याला सांगताना ऐकली मी. मला लागू दे. घरी मंगळवार कुठला आणि गुरुवार कुठला, मला कळत नाही हो कौसल्याबाई. जाईल म्हणून भीती वाटावी असं काहीतरी एक पाहिजे मला."

कौसल्यानं बाईंच्या हातातला धोंडा घेतला आणि बाजूला ठेवला. स्टुलावरचं सामान काढून स्टूल त्यांच्याकडं सरकवलं, विळी पुढं केली, कांद्याची टोपली दिली. बाईंनी कांदे इतके एकसारखे चिरले की कौसल्याला जरा रागच आला.

"पुढच्या मंगळवारी सहाच्या बसनं या," ती म्हणाली. "मिरच्या भरायला तुम्ही. उशीर चालणार नाही, आधीच सांगते."

"सहाची?" बाईंची विळी थांबली. त्यांनी डोळे बारीक केले. "ती स्टँडवर कधी वेळेवर लागते कधी नाही. सहाची चुकली तर? पुढची थेट साडेसातला. मग मिरच्या कोण भरणार? आणि उठायचं म्हणजे चारला. गजर वाजलाच नाही तर काय करायचं, कौसल्याबाई?"

कौसल्यानं त्यांच्या कपाळावरच्या नव्या कोऱ्या आठीकडं डोळे भरून बघितलं, मग टेकडीकडं तोंड करून ओरडली, "अहो, ऐकलं काय? लागली बघा बाईंना!"